अहोंचा पंप

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकून मला आधी काळजी वाटली, मग हसूच आलं. तुझ्या अहोंनी सोनं शोधायचं मनावर घेतलंय आणि पेट्रोलवर चालणारा मोठा पंप मागवलाय! आमच्याकडेही हा ताप येऊन गेलाय बाई. म्हणून ऐक.

नदीवर पंप न्यायचाच नाही. कॅलिफोर्नियात 2009 पासून सक्शन ड्रेजिंग, म्हणजे पंपाने नदीच्या तळाची माती ओढून सोनं काढणं, बंद आहे, आणि 2015 च्या कायद्याने पात्रातली किंवा काठावरची माती मोटार लावून धुणंही त्याच व्याख्येत आलं. हाताने पॅन फिरवायला त्यात सूट आहे. कोलोमाला, जिथे 24 जानेवारी 1848 ला जेम्स मार्शलला सोनं दिसलं, तिथल्या पार्कातही फक्त हात आणि पॅन. आपल्याकडचे झारेकरी सराफकट्ट्यावरची माती धुऊन सोनं काढतात, ते कुठे पंप घेऊन हिंडतात?

मग पंप कशाला? विकत मिळणारी मातीची पिशवी मागच्या अंगणात धुवायला. खाली टब, वर स्लूस, म्हणजे सोनं अडवणारी आडव्या पट्ट्यांची उतरती पन्हळ, तेच पाणी फिरत राहतं. त्याला बोटीतलं पाणी उपसायचा 12 व्होल्टचा छोटा पंप पुरतो.

खोक्यावर ताशी 1100 गॅलन लिहिलेलं असतं. भुलू नकोस, तो आकडा पाणी वर चढवायचं नसतानाचा. गावी आबा विहिरीवरची मोटार घ्यायला गेले की दुकानदार पहिलं काय विचारायचा? "हेड किती?" इथेही तेच. टबातल्या पाण्यापासून स्लूसच्या तोंडापर्यंतची उंची टेपने मोज आणि त्या उंचीला पंप किती पाणी देतो ते तक्त्यात बघ. पंपाच्या तोंडापेक्षा बारीक नळी लावू नकोस, अर्धं पाणी तिथेच अडतं. बॅटरीचा हिशेब सोपा आहे: पंप 4 अँपिअर ओढतो, बॅटरी 20 अँपिअर-तासांची, म्हणजे कागदावर 5 तास. साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर अडीचच धर, पूर्ण उतरवली की लवकर मरते.

आम्ही काय केलं? दांडगा पंप लावला. पाणी असं उसळलं की काळी वाळूसुद्धा थांबेना. सोनं पाण्याच्या 19 पट जड, साधी वाळू जेमतेम अडीच पट, तरी पिठासारखे कण वाहून गेलेच. तेव्हापासून नळीवर एक कॉक बसवलाय, आणि पंपाला माझा जुना पायमोजा घातलाय, गाळ आत जाऊ नये म्हणून. पॅन करताना भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, म्हणजे तरंगणारे कण खाली बसतात. स्लूसच्या टबात मात्र नको, फेसच फेस होतो.

आणि एक. नदीतून आणलेला कण पांढुरका दिसला तर तो गॅसवर तापवू देऊ नकोस, त्यावर पारा असू शकतो. आपल्या शेजारच्या न्यू अल्मादेनच्या खाणीतला पारा त्या काळी सोनं धरायला वापरत, तो सिएराच्या नद्यांत अजून सापडतो. त्याची वाफ विषारी असते.

शनिवारी जेवायलाच या दोघं. आमचा टब आणि पंप गॅरेजात धूळ खात पडलेत, अहोंना ते घेऊन जाऊ दे. त्या पेट्रोलच्या पंपाची ऑर्डर तेवढी आजच रद्द कर.