जुनी मोटारसायकल : पहिला महिना

दूरच्या वस्तीवर जाणाऱ्या शिक्षकास जुनी मोटारसायकल परवडते. पण पहिल्या महिन्यात तिच्याकडे विशेष लक्ष पुरवावे लागते. प्रथम ब्रेक, टायर व साखळीचा ताण तपासावा. इंजिनातील तेल कधी बदलले हे निश्चित ठाऊक नसल्यास ते त्वरित बदलावे. बराच काळ उभी असलेली गाडी सुरू होत नसल्यास टाकीतील शिळे पेट्रोल काढून कार्बोरेटर व प्लग स्वच्छ करावेत.

कागदपत्रांतील दोष मात्र अधिक महागात पडतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये राज्यांतर्गत व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावयाचे असते. विमाही १४ दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज करावा. अपघाताच्या भरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकावर राहते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय आहे. म्हणून नोंद वेळेत होणे दोघांच्याही हिताचे आहे.