ठराव मांडण्याआधी

यावल, जि. जळगाव

चि. बाळू यास,


तुझं पत्र आणि ठरावाचा मसुदा पोचला. उमेदवार बाई आहे, अविवाहित किंवा घटस्फोटित आहे, किंवा समलिंगी आहे, एवढ्याच कारणावरून पाळकपदाच्या दीक्षेसाठी आलेलं नाव चौकशीआधीच बाजूला काढू नये, असं तू धर्मप्रांताच्या सभेत मांडणार आहेस. ‘आत्या, माझं बरोबर आहे ना?’ असं विचारलंस. बरोबर आहे. पण आपलं बरोबर असणं वेगळं आणि भरल्या सभेतून ठराव मंजूर करून आणणं वेगळं. मी मंडळीच्या कमिटीवर पुष्कळ वर्षं काढली आहेत, म्हणून हे पत्र जरा लांबणार.

आधी मसुद्यातला ‘दीक्षेचे निकष शिथिल करावेत’ हा शब्दप्रयोग काढून टाक. तो वाचला की निम्मी सभा तिथेच हातची गेली. निकष शिथिल करा असं आपण म्हणतच नाही. उमेदवाराला खरंच पाचारण आहे का, त्याला शास्त्र कळतं का, त्याची वागणूक कशी आहे, मंडळीचा त्याच्यावर विश्वास आहे का, हे कसून विचारा आणि सगळ्यांना सारखंच विचारा, एवढंच आपलं मागणं आहे. आज काय होतं? एखाद्या पाळकाचा मुलगा असेल तर दोन प्रश्न विचारून खांद्यावर हात ठेवतात, आणि सेमिनरीत पहिली आलेली मुलगी असेल तर ‘पुढच्या वर्षी बघू’. शिथिलपणा असलाच तर तो तिथे आहे.

ही चौकशीची रीत आपली जुनी आहे. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा एकत्र आलेल्या सहा मंडळ्यांत 1924 सालची युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया होती. तिच्यात प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल असे दोन्ही प्रवाह होते. बिशप आपल्याकडे अँग्लिकनांकडून आले. वडीलमंडळींनी बसून उमेदवाराला पारखायचं आणि एकट्याच्या मर्जीवर काही सोडायचं नाही, हे प्रेस्बिटेरियनांकडून आलं. तुझा ठराव याच रीतीला धरून आहे हे पहिल्या परिच्छेदात लिही. बाहेरून आणलेलं खूळ म्हणायला जागाच ठेवू नकोस.

मग इतिहास. अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले 1813 मध्ये. त्यांच्या मराठी मिशनमध्ये हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण मोडक यांना दीक्षा मिळाली 1854 मध्ये. त्याच वर्षी मुंबईत फ्री चर्चने नारायण शेषाद्रींना पाळक केलं. मधली चाळीस वर्षं ‘एतद्देशीय’ माणूस शिकवायला, भाषांतराला, गावोगाव फिरायला चालत होता, फक्त पाळक म्हणून चालत नव्हता. तेव्हाही कुणी त्याला द्वेष म्हटलं नसेल. ‘अजून तयारी नाही’ असंच म्हटलं असेल. हे वाक्य तुला सभेत हमखास ऐकू येईल, तेव्हा 1854 हे साल खिशात असू दे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरणही घे, पण नीट घे. त्या इंग्लंडात चेल्टनहॅमला होत्या तेव्हा त्यांनी पुरुषांना शिकवावं की नाही यावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली होती. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांपुढे संस्कृतात बोलून ‘सरस्वती’ पदवी मिळवली होती, तिच्यावर ही हरकत! पुढे त्याच बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांना दीक्षा कुणी दिली नाही, आणि त्यांनी ती मागितली असंही मी म्हणत नाही. तूही म्हणू नकोस. विरोधी बाजूला वाचलेली माणसं असतात.

पण या सगळ्याहून घरातलीच साक्ष मोठी आहे. तुझी पणजी बायबलबाई होती हे तुला ठाऊक आहे. ती करायची काय, हे तुझ्या पिढीला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ती आणि जोडीला एक विधवा बाई, अशा दोघी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर पायी फिरत. पिशवीत शुभवर्तमानाच्या सुट्या पुस्तिका, तापाच्या गोळ्या आणि दुपारची कळण्याची भाकर. बाळंतिणीजवळ रात्ररात्र बसायची, मयतीला प्रार्थना करायची, पोरांना बाराखडी आणि दहा आज्ञा एकदमच शिकवायची. चार-पाच घरं तयार झाली की बाप्तिस्म्यासाठी मिशनरी साहेबांना निरोप जायचा. पावसाळ्यात नाले भरले की साहेब महिना महिना यायचे नाहीत, आणि माणसं थांबून राहायची. साहेब आले की त्यांनी कधी न पाहिलेल्या माणसांची नावं ती एकेक करून त्यांना सांगायची आणि पाण्याचा तांब्या धरून शेजारी उभी राहायची. प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री मनुका भिजत घालून, उकळून, फडक्यातून रस गाळायची ती. भाकर तिच्या हातची, पेले तिने घासलेले. मेजामागे मात्र साहेब. मंडळीच्या जुन्या वहीत बाप्तिस्म्याच्या प्रत्येक नोंदीपुढे साहेबांची सही आहे. तिचं नाव त्या वहीत कुठेही नाही.

हे सभेत सांग. कुणाला रडवायला म्हणून नको, वहीतली राहिलेली नोंद म्हणून सांग. पेत्र कर्नेल्याच्या घरी जेवून आला तेव्हा यरुशलेमेतल्या मंडळीने त्याला धारेवर धरलं. त्याने तिथे शास्त्रार्थ मांडला नाही. काय काय घडलं ते क्रमाने सांगितलं, आणि देवाने त्या माणसांना जे दिलं ते मी कसं अडवू, असं विचारलं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 11. आठव्या अध्यायातला कूशी षंढ तर तुझ्या ठरावाच्या अगदी जवळचा आहे. नियमशास्त्राप्रमाणे त्याला मंडळीत जागा नव्हती. पाणी दिसल्यावर त्याने विचारलं, माझ्या बाप्तिस्म्याला हरकत काय, आणि फिलिप्प रथातून खाली उतरला. तीमथ्याचं पहिलं पत्र, दुसरा अध्याय विरोधक काढतीलच. तो तू स्वतः आधी काढ. आपल्याला अडचणीची वचनं आपणच मोठ्याने वाचली की समोरचा निम्मा शांत होतो. शिवाय त्याच पौलाने रोमकरांस सोळाव्यात फीबीची शिफारस केली आहे, हे सांगायला सोपं जातं.

अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीचा दाखला तू एका ओळीत उरकलास. तिथे जरा थांब, कारण शिकण्यासारखं तिथेच आहे. त्यांनी स्त्रियांना वडीलपद 1930 मध्ये दिलं आणि पहिली स्त्री पाळक, मार्गारेट टाउनर, 1956 मध्ये. समलिंगी उमेदवारांना अडवणारा नियम 1997 मध्ये घटनेत आला. तो काढायचा प्रयत्न झाला आणि प्रेस्बिटरींच्या, म्हणजे प्रांतिक सभांच्या, मतदानात पडला. पुन्हा झाला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी 2010 च्या महासभेने बदल मंजूर केला, आणि 10 मे 2011 ला 173 पैकी 87 व्या प्रेस्बिटरीने होकार दिला तेव्हा बहुमत झालं. स्कॉट अँडरसन नावाच्या पाळकाने 1990 मध्ये समलिंगी असल्याचं उघड झाल्यावर पद सोडलं होतं. त्याला ऑक्टोबर 2011 मध्ये मॅडिसन गावी पुन्हा दीक्षा मिळाली. एकवीस वर्षं तो मंडळी सोडून गेला नाही.

नवा नियम म्हणतो काय, तर उमेदवाराने सगळं आयुष्य ख्रिस्ताच्या अधीन ठेवावं आणि निवडणाऱ्या सभेने एकेकाला नीट पारखावं. अमुक माणसाला घ्याच अशी सक्ती त्यात कुणावर नाही. तुझा मसुदा याच धर्तीवर बसव. आणि याची किंमतही सांग. त्यानंतर कितीतरी मंडळ्या बाहेर पडल्या, काहींनी 2012 मध्ये वेगळी चूल मांडली. हे लपवलंस आणि दुसऱ्या कुणी काढलं, तर तुझ्या बाकीच्या बोलण्याचंही वजन जाईल.

सुप्रीम कोर्टाचा 6 सप्टेंबर 2018 चा समलिंगी संबंधांबद्दलचा कलम 377 चा निकाल शेवटी ठेव, किंवा ठेवूच नकोस. कोर्टाचं नाव काढलं की आपली माणसं चर्चच्या जमिनीचे वाद आठवून बिथरतात.

आता खरी अडचण. आपल्या चर्चच्या नियमात स्त्रियांना पाळकपद खुलं आहे. शेजारच्या चर्च ऑफ साउथ इंडियाने 2013 मध्ये नंद्यालला पुष्पा ललिता यांना बिशप केलं. तरी खानदेशातल्या किती गावांत तू बाई पाळक पाहिलीस? कमिटीत वचनं कुणी काढत नाही. काढतात ते पाळकगृहाचं कुलूप. एकटी बाई तिथे कशी राहणार, रात्री आजाऱ्याकडे कोण नेणार, नवऱ्याची नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर काय. आणि एक गोष्ट उघड कुणी बोलत नाही. पाळकाबरोबर पाळकीणबाई फुकटात मिळते. शब्बाथ शाळा, महिला मंडळ, नाताळचा फराळ, सगळं तिच्या गळ्यात. बाई पाळक आली की हे काम करायला कुणीच नाही! तेव्हा ठरावाला दुसरं पान जोड. पाळकगृहाची दुरुस्ती, नेमणूक दोन वर्षांच्या आत, पगार वेळेवर, गावातलं एक जबाबदार कुटुंब सोबतीला. दीक्षा देऊन कार्यालयात टायपिंगला बसवलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

एक सल्ला तुला आवडणार नाही. स्त्रियांचा आणि समलिंगी उमेदवारांचा प्रश्न एका कागदावर बांधू नकोस. दोन ठराव कर. पहिला यंदा मंजूर होण्यासारखा आहे, दुसरा बहुतेक पडेल. पण पहिला मंजूर झाला म्हणून दुसरा मागे घ्यायचा नाही. पडला तरी इतिवृत्तात किती मतं पडली ते नोंदवून घ्यायचं, आणि पुढच्या सभेला तोच पुन्हा आणायचा. आणि ज्याच्यासाठी दुसरा ठराव आहे त्या तुझ्या मित्राला विचारल्याशिवाय त्याची गोष्ट व्यासपीठावर नेऊ नकोस. त्याचं नाव घ्यायचा हक्क त्याचा.

सभेआधीच्या तयारीसाठी साने गुरुजींचं उदाहरण सांगते, ते आपल्या खानदेशात राहिले म्हणून. अंमळनेरचे हे शिक्षक, आपल्याच तालुक्यातल्या फैजपूरला 1936 चं काँग्रेस अधिवेशन भरलं त्यासाठी गावोगाव राबलेले. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं देऊळ हरिजनांना उघडावं म्हणून उपोषणाला बसले, तेव्हा त्यांच्या स्वतःसाठी ते देऊळ उघडंच होतं. उपोषण सगळ्यांना आठवतं. त्याआधी कित्येक महिने महाराष्ट्र पिंजून, गावागावात बोलून त्यांनी लोकांची मनं तयार केली होती, ते मागे पडतं. तुझी सभा नोव्हेंबरात आहे. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, धुळे इथल्या प्रतिनिधींना फोनवर नाही, घरी जाऊन भेट. भुसावळचे आपले रेल्वेतून रिटायर झालेले काका सगळ्यात कडवे विरोधक आहेत, त्यांच्याकडे पहिल्यांदा जा. ते मत विरोधातच देतील, पण कुठल्या वाक्यावर भडकतात ते आधी कळेल, आणि ते वाक्य बदलता येईल. त्यांच्या बायकोला, वहिनींना, मात्र स्वयंपाकघरात जाऊन भेट. महिला मंडळाची मतं त्यांच्या हातात आहेत.

मसुदा परत पाठवते आहे. लाल पेनाच्या खुणा माझ्या, हिरव्या इथल्या तुझ्या काकांच्या. त्यांच्या सगळ्याच ऐकायला हव्यात असं नाही.

तुझी,
आत्या