अंदमानला निघालात, तर एवढं ऐकून जा

अंदमान हे नाव आपल्या चौसाळ्यात दरवर्षी मे महिन्यात सगळ्यांच्या तोंडी असतं. पाऊस अंदमानात पोचला अशी बातमी लागली की आपल्याकडे बियाण्याची चौकशी सुरू होते. बाळा, तू आणि सूनबाई मात्र ती बातमी येण्याच्या खूप आधी जाऊन या. आपल्याला मिळतो तो पाऊस तिथं मेमध्येच सुरू होतो, आणि तो सरतो न सरतो तोच ईशान्येचा दुसरा येतो. समुद्र खवळला की बोटी बंद, आणि पाणी गढूळ झालं की तळाचं काही दिसत नाही. जानेवारी ते मार्च हे दिवस धरा.

तिथं गेल्यावर हातातल्या घड्याळापेक्षा सूर्याकडे बघून चाला. ती बेटं आपल्यापेक्षा सुमारे १७ रेखांश पूर्वेला आहेत, पण घड्याळ सगळ्या देशाला एकच. त्यामुळे दिवस आपल्याहून तासभर आधीच उगवतो आणि मावळतोही. जानेवारीत संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास सूर्य बुडतो. नऊला नाश्ता, दहाला गाडी, असं टूरवाल्याच्या सोयीनं चाललात तर पाखरांची वेळ हातची गेलीच म्हणून समजा. पहाटे साडेपाचला चिडिया टापूच्या रस्त्यावर असायला हवं. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपासून, ते २५ किलोमीटरवर दक्षिणेला आहे. लोक तिथं सूर्यास्त बघायला जातात. तुम्ही सूर्योदयाला जा.

आणि पाखरं बघण्याच्या तयारीसाठी आधी आपल्या नायगावच्या मयूर अभयारण्यात जाऊन बसा. पाटोदा तालुका काही लांब नाही. १९९४ साली अभयारण्य झालं, पण आपली माणसं अजून तिकडे फिरकत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. गप्प बसायची सवय लागायला दुसरी चांगली जागा नाही. कोतवाल, टकाचोर, भारद्वाज, सुतार यांचे आवाज इथं कानात बसू द्या. अंदमानात यांचेच भाऊबंद भेटतील, पण वेगळे. तिथला भारद्वाज आपल्याकडच्यासारखा काळाभोर अंगाचा नाही, तो बदामी. कोतवाल वेगळा, टकाचोर वेगळा, सुतार तर जवळजवळ सगळा काळा. ही पाखरं त्या बेटांवरच आहेत, मुख्य भूमीवर कुठंही नाहीत. आपलं पाखरू नीट ओळखीचं असेल तरच त्याचं तिथलं भावंड ओळखता येतं.

म्हणून रॉस बेटावर चितळांसोबत फोटो काढण्यात अर्धा दिवस घालवू नका. ते चितळ इंग्रजांनी आणून सोडलेले. त्यांना खाणारा वाघ नाही, बिबट्या नाही. ते माजले, आणि कोवळी रोपं खाऊन जंगल वर येऊ देत नाहीत. आणि तिथल्या मोरांचं म्हणाल, तर मोर तुम्ही नायगावात बघून गेलेले असाल.

समुद्रासाठी पंचांग बघून तारखा ठरवा, हे मी मुद्दाम सांगते. आपण कोरडवाहू गावची माणसं, भरती-ओहोटी आपल्या रक्तात नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, भरतीही मोठी आणि ओहोटीही मोठी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी थोडंच चढतं-उतरतं. नील बेटावर लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर खडकाची एक कमान आहे, तिथली बंगाली माणसं तिला हावडा ब्रिज म्हणतात. तिच्या भोवतीच्या डबक्यांत मासे, खेकडे, समुद्रकाकड्या बघायच्या तर उधाणाच्या ओहोटीला जा. नेमकी वेळ तिथल्या कोळ्याला विचारा, ती रोज पाऊणएक तासानं पुढं सरकते. हॅवलॉक बेटावर रात्री पाण्यात वल्हं मारलं की निळसर उजेड उठतो, तो बारीक जिवांचा. त्यासाठी अमावास्या बरी, चांदण्यात तो दिसत नाही.

प्रवाळावर पाय देऊ नका. तो दगड दिसतो, पण जिवंत असतो, आणि हळूहळू वाढतो. २०१० साली समुद्र तापून तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. त्यात आपल्या टाचांची भर नको. अंगाला उन्हाचं क्रीम चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे कपडे घालून पाण्यात उतरा. वंडूरहून जॉली बॉय बेटावर जाताना स्टीलची बाटली न्या, तिथं प्लास्टिक चालत नाही. सोमवारी तिथलं सागरी उद्यान बंद असतं. खाडीच्या कडेला मगरीची पाटी दिसली तर पाण्यापासून लांबच राहा. खाऱ्या पाण्यातली मगर ती, आपल्या कल्पनेपेक्षा खूप मोठी.

सगळे बाराटांगचा आग्रह करतील. माझं मत विचाराल तर जाऊ नका. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचा ताफा करून सोडतात, फोटो काढणं गुन्हा आहे, तरी लोक काचेतून माणसं शोधत बसतात. कुणाच्या घरातून असं जाणं मला पटत नाही. चिखलाचे ज्वालामुखीच बघायचे असतील तर ते दिगलीपूरकडेही आहेत, आणि तिकडे जहाजानं जाता येतं. तिथंच कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, चार जातींची. वनखात्याचा माणूस सोबत असल्याशिवाय रात्री वाळूत उतरू नका, बॅटरी लावू नका, फ्लॅश तर नकोच. कासवाच्या तोंडासमोर उभं राहू नका, मागच्या बाजूला बसा.

शंख-शिंपले, प्रवाळाचा तुकडा काहीही पिशवीत टाकू नका, विमानतळावर तपासतात आणि कायदाही कडक आहे. वाळूतल्या बारीक माशा चावतात, खाज आठवडाभर जात नाही, तेव्हा खोबरेल तेल आणि पायमोजे न्या. बोटीची तिकिटं आधीच काढा, आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा, कारण वारा सुटला तर नीलहून निघणारी बोट दुसऱ्या दिवशीच मिळते.