तापाची साथ आणि घरातील औषधांचा डबा

सन १९१८ च्या जून महिन्यात मुंबईत इन्फ्ल्युएन्झाची साथ सुरू झाली. पावसाळा सरता सरता ती दुप्पट जोराने उसळली आणि मुंबई इलाख्याच्या खेड्यापाड्यांत पसरली. महाराष्ट्रातील जुन्या पिढीने या साथीला ‘मानमोडी’ असे नाव दिले होते. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते आणि अर्धपोटी माणसांना हा रोग सोसवला नाही. देशात या साथीने दगावलेल्यांची संख्या एक कोटीहून अधिक असल्याचे अभ्यासकांचे अंदाज आहेत. १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या १९११ च्या तुलनेने वाढण्याऐवजी किंचित घटलेली आढळली, त्यामागील एक प्रमुख कारण हीच साथ होय. रोगाचा विषाणू तेव्हा कोणास ठाऊक नव्हता. माणसातील हा विषाणू वेगळा करण्यात शास्त्रज्ञांना यश आले ते १९३३ साली. लस नव्हती, आणि तापामागून येणाऱ्या न्यूमोनियावर प्रतिजैविकेही नव्हती.

आज ही परिस्थिती पालटली आहे. विषाणूंच्या अभ्यासासाठी १९५२ साली पुण्यात स्थापन झालेली संस्था आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. रोगावर लस आहे, विषाणुरोधक औषध आहे, आणि गावापासून फार दूर नाही अशा अंतरावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तरीही २००९ साली नव्या प्रकारच्या फ्ल्यूने देशात प्रवेश केला, तेव्हा ३ ऑगस्ट रोजी त्याचा पहिला बळी पुण्यातच गेला. तोच विषाणू आता हंगामी फ्ल्यूच्या रूपाने वावरत असतो. १९१८ साली औषध नव्हते म्हणून माणसे गेली. आजची अडचण निराळी आहे. औषधे घरोघरी आहेत. पण कोणते औषध, कोणाला, किती आणि केव्हा, याची जाण त्या प्रमाणात पोहोचलेली नाही. साध्या तापात औषधांचा अतिरेक आणि गंभीर तापात दिरंगाई, अशा दोन्ही चुका एकाच घरात घडताना दिसतात.

रोगाची ओळख

साधी सर्दी हळूहळू येते आणि माणूस हिंडताफिरता राहतो. फ्ल्यू बहुधा अचानक येतो. एकाएकी ताप भरणे, अंग मोडून येणे, डोके दुखणे, कोरडा खोकला, घसा खवखवणे व कमालीचा थकवा ही त्याची लक्षणे होत. खोकल्या-शिंकेतून उडणारे सूक्ष्म तुषार आणि दूषित हात यांच्यावाटे तो पसरतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून साधारणतः १ ते ४ दिवसांत लक्षणे दिसतात. रोगी मात्र लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून पुढे ५ ते ७ दिवस इतरांना रोग देऊ शकतो. महाराष्ट्रात त्याचा जोर मुख्यतः पावसाळ्यात, आणि काही वेळा हिवाळ्याच्या अखेरीसही आढळतो.

निरोगी प्रौढ माणसाचा फ्ल्यू बहुधा आठवडाभरात विश्रांती, पुरेसे पाणी, हलका आहार व तापापुरते औषध एवढ्यावर बरा होतो. खोकला व थकवा काही दिवस अधिक रेंगाळतात, पण तेवढ्यावरून औषध लागू पडले नाही असे समजण्याचे कारण नाही.

प्रतिजैविकांविषयीचा गैरसमज

प्रतिजैविके जिवाणूंवर काम करतात. विषाणूंवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. फ्ल्यू हा विषाणूचा रोग आहे. त्यात दोन दिवस प्रतिजैविकाच्या गोळ्या घेऊन ताप उतरला, तर तो गोळ्यांमुळे नव्हे, उतरायचाच होता म्हणून उतरला. अशा वापरातून लाभ शून्य आणि हानी मात्र दुहेरी होते. एक तर जुलाब, पुरळ यांसारखे त्रास पदरी पडतात. दुसरे असे की, शरीरातील जिवाणू त्या औषधाला सरावतात आणि पुढे खरोखर न्यूमोनिया किंवा बाळंतपणातील जंतुसंसर्ग झाला, तर तेच औषध निकामी ठरू शकते. पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणातच हा धोका सांगून ठेवला होता.

ज्या औषधाच्या वेष्टनावर तांबडी उभी रेघ आहे, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यावयाचे नाही, अशी ही खूण आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ती कळू शकते. म्हणून गावात तिचा प्रसार होणे अगत्याचे आहे. फ्ल्यूनंतर जिवाणूंचा न्यूमोनिया झाल्यास डॉक्टर प्रतिजैविक देतात. ते मात्र सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यावे. बरे वाटले म्हणून मध्येच सोडून उरलेल्या गोळ्या डब्यात टाकू नयेत.

एक घर, चार रुग्ण

उदाहरणादाखल एका शेतकरी कुटुंबाचा विचार करता येईल. श्रावणातले दिवस. सात वर्षांचा मुलगा शाळेतून ताप घेऊन येतो. दोन-तीन दिवसांत त्याचे वडील, गरोदर काकू आणि मधुमेह व रक्तदाब असलेले आजोबा असे तिघेही अंथरूण धरतात. रोग एकच, डबाही एकच. घरातील कर्ती स्त्री साहजिकच सर्वांना त्याच डब्यातून औषध काढून देऊ लागते. येथेच सावध राहिले पाहिजे, कारण या चौघांपैकी प्रत्येकाचा धोका वेगळा आहे.

मुलाचे औषध वयाच्या अंदाजाने नव्हे, वजनावरून ठरते. तापावरील पॅरासिटामॉल हे औषध लहानांसाठी दोन रूपांत मिळते. तान्ह्या मुलांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत सामान्यतः दर १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते. मोठ्या मुलांच्या पातळ औषधात बहुधा ५ मिलिलिटरला १२० ते १२५, तर काहींत २५० मिलिग्रॅम असते. थेंबांचे औषध चुकून ५ मिलिलिटर पाजले गेले, तर मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची एक पूर्ण गोळी जाते. तान्ह्या बालकाला हे घातक आहे. यास्तव बाटलीवरील आकडा वाचावा, बाटलीसोबत आलेले मापच वापरावे, घरातील चमचा वापरू नये. फ्ल्यूमध्ये मुलांना ॲस्पिरिन कदापि देऊ नये. त्यामुळे मेंदू व यकृत यांना इजा करणारा, विरळ पण गंभीर विकार उद्भवू शकतो. सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधांबाबतही हीच दक्षता हवी. दोन वर्षांखालील बालकांना अशी औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील बालकांना सर्वसाधारणतः ती देण्याची शिफारस नाही, अशी सूचना केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिली आहे.

वडिलांची चूक वेगळ्या प्रकारची असते. शेतीचे काम अडले म्हणून ते तापाची गोळी घेतात, त्यावर दुकानातून आणलेली सर्दीची गोळीही घेतात. सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. नाव निराळे असल्याने एकच औषध दुप्पट घेतले जाते. प्रौढ माणसाने दोन मात्रांत किमान ४ ते ६ तासांचे अंतर ठेवावे आणि २४ तासांत सर्व मिळून ४ ग्रॅमची मर्यादा कधीही ओलांडू नये. मद्यपान करणाऱ्यांना, यकृताचा विकार असणाऱ्यांना व अशक्त माणसांना याहून कमी मात्राही बाधू शकते. लवकर बरे वाटावे म्हणून इंजेक्शन अथवा सलाईनचा आग्रह धरण्यातही हशील नाही.

पावसाळ्यातील प्रत्येक ताप फ्ल्यूच असतो असेही नाही. डेंग्यू, हिवताप व लेप्टोस्पायरोसिस यांची सुरुवातही अशीच होते. डेंग्यूमध्ये ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून तापाचे निदान होईपर्यंत ती घेऊ नयेत.

गरोदर काकू व आजोबा यांनी मात्र घरी वाट पाहत बसू नये. गरोदरपण, ६५ वर्षांपुढील वय, मधुमेह, दमा, हृदयरोग, मूत्रपिंडाचे विकार तसेच पाच वर्षांखालील वय, या अवस्थांत फ्ल्यू गंभीर होण्याचा संभव अधिक असतो. ओसेल्टामिव्हिर हे विषाणुरोधक औषध लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत दिल्यास सर्वांत गुणकारी ठरते. ते कोणाला द्यावे, हे डॉक्टर ठरवतील. परंतु रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी पोहोचला, तर ही संधी बहुतांशी हातची गेलेली असते. गरोदर स्त्रीने कोणतीही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. आजोबांनी नेहमीची औषधे स्वतःहून बंद करू नयेत. नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि वेदनाशामकांनी मूत्रपिंडावर ताण येतो, हेही घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

विलंब न करण्याजोगी लक्षणे

धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ वा नखे निळसर पडणे, थुंकीतून रक्त पडणे, भ्रम किंवा गुंगी येणे, लघवीचे प्रमाण फार कमी होणे, ताप उतरून पुन्हा जोराने येणे ही धोक्याची लक्षणे होत. बालक झपाझप श्वास घेत असेल, श्वासागणिक त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, ते दूध पीत नसेल किंवा त्याला जाग येत नसेल, तर त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते.

प्रतिबंधाचे उपाय

फ्ल्यूची लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो व त्यानुसार लसही बदलण्यात येते. लस घेतल्यानंतर संरक्षण मिळण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. ज्यांना धोका अधिक आहे, त्यांनी पावसाळ्यापूर्वीच आरोग्य केंद्रात वा डॉक्टरांकडे तिची चौकशी करावी. लस सहा महिन्यांखालील बालकांना देत नाहीत. मात्र आईने गरोदरपणी ती घेतल्यास जन्मणाऱ्या बाळालाही काही महिने संरक्षण लाभते.

इतर उपायांना खर्च जवळजवळ नाही. खोकताना-शिंकताना तोंडावर रुमाल वा कोपराची घडी धरावी. साबणाने हात धुवावेत. रुग्ण असलेल्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, त्याचा टॉवेल व पेला वेगळा असावा आणि शुश्रूषा करणाऱ्याने तोंडावर मुखपट्टी बांधावी. औषधाविना ताप उतरून २४ तास होईपर्यंत रुग्णाने घरीच राहावे.

डब्याची झडती

दर तीन महिन्यांनी घरातील औषधांचा डबा उघडून पाहावा. मुदत संपलेली, नाव पुसलेली व मागील आजारातून उरलेली औषधे बाजूला काढावीत. प्रतिजैविकाची भुकटी उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून केलेले मुलांचे औषध साधारणतः आठवडाभरच टिकते. नेमकी मुदत बाटलीवर पाहावी. गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात, दुसऱ्या बाटलीत भरू नयेत. डबा चुलीजवळ किंवा उन्हात न ठेवता कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. टाकाऊ औषधे विहिरीत, ओढ्यात वा उकिरड्यावर न फेकता ती परत घेण्याची सोय औषध दुकानात किंवा आरोग्य केंद्रात आहे काय, याची विचारणा करावी.

शाळा व ग्रामपंचायत यांचे कार्य

साथीची पहिली चाहूल शिक्षकाला लागते. एका वर्गातील चार-पाच मुले एकाच आठवड्यात तापाने गैरहजर राहिली, तर ती वार्ता त्याच दिवशी आरोग्य उपकेंद्रास कळवावी. पूर्ण हजेरीबद्दल बक्षीस देण्याची प्रथा अनेक शाळांत आहे. तापलेले मूल त्या बक्षिसासाठी वर्गात येऊन बसत असेल, तर आजारपणातील रजा हजेरीत धरण्याचा विचार व्हावा. बाटलीवरील मात्रा, मुदत व तांबडी रेघ वाचण्याचा पाठ वर्गात एकदा दिला, तर तो मुलांबरोबर घरोघर पोहोचेल.

पंचायत सदस्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामसभेत हा विषय मांडावा. गावातील गरोदर स्त्रिया, वृद्ध व दीर्घ आजारी यांची माहिती आशा कार्यकर्तीकडे असते. त्यांच्यापैकी कोणाला ताप आला, तर दुसऱ्याच दिवशी केंद्रात नेण्याची व्यवस्था कोण करील, हे आधीच ठरवून ठेवावे. रात्री वाहन कोणाचे मिळेल, एवढी साधी गोष्ट ठरलेली असली, तरी एखादा जीव वाचू शकतो.

मानमोडीच्या वर्षी गावाजवळ यांपैकी काहीच नव्हते. आज जे आहे, त्याचा लाभ औषधांचा डबा भरलेला असण्यावर अवलंबून नाही. सात वर्षांच्या मुलाला मापून औषध देणे, वडिलांना विश्रांती घेऊ देणे आणि काकू व आजोबांना दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेणे, हा विवेक घराघरात रुजला, तर पुढील साथ येईल तेव्हा ती गावाला सज्ज पाहील.