धूर कुठे गेला?

(कारखान्यात तयार झालेला माल आपल्या हाती येईपर्यंत अनेकदा उचलावा आणि ठेवावा लागतो. हे काम करणाऱ्या गाड्या आता डिझेलऐवजी विजेवर चालू लागल्या आहेत. या बदलामुळे काय साधले आणि काय करायचे उरले, हे एका वर्गाच्या क्षेत्रभेटीतून या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुमच्या मोहल्ल्यातील दुकानात साबणाची वडी मिळते. ती कारखान्यातून सरळ दुकानात येत नाही. आधी ती ट्रकमधून गोदामात येते. तेथे खोकी उतरवतात, रचून ठेवतात आणि मागणी आली की दुसऱ्या ट्रकमध्ये चढवतात. माल हलवणे, साठवणे आणि वेळेवर पोहोचवणे या साऱ्या व्यवस्थेला 'लॉजिस्टिक्स' म्हणतात.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे शहर यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे, तसेच ते गोदामांसाठीही प्रसिद्ध आहे. २०१७ सालापर्यंत मुंबईत येणाऱ्या मालावर जकात भरावी लागे. म्हणून अनेक व्यापारी आपला माल मुंबईच्या हद्दीबाहेर, भिवंडीच्या परिसरात ठेवत. पुढे जकात गेली, पण गोदामे राहिली. गेल्या वर्षी मी नववीच्या वर्गाला तेथील एक गोदाम दाखवायला नेले.

गोदाम केवढे मोठे! आमच्या शाळेचे मैदान त्यात सहज मावले असते. आत लोखंडी मांडण्या छपरापर्यंत उभ्या होत्या. त्यांच्यामधून एक पिवळी गाडी फिरत होती. तिच्या पुढच्या बाजूला दोन लांब लोखंडी पाती होती. लाकडी चौकटीवर खोकी रचलेली होती. गाडीने पाती त्या चौकटीखाली सरकवली, सगळा ढीग अलगद उचलला आणि तिसऱ्या मांडणीवर नेऊन ठेवला. तिला फोर्कलिफ्ट म्हणतात आणि त्या लाकडी चौकटीला पॅलेट म्हणतात.

"गाडी पुढे कशी कलंडत नाही?" एका मुलाने विचारले.

मी त्याला विज्ञानाच्या पुस्तकातील तरफेची आठवण करून दिली. फोर्कलिफ्टची पुढची चाके म्हणजे टेकू. पुढे मालाचा भार असतो. तो तोलण्यासाठी गाडीच्या मागच्या भागात जड वजन बसवलेले असते. मुले खेळतात त्या सी-सॉसारखेच हे आहे.

ही यंत्रे फार जुनी नाहीत. अमेरिकेत अल्टूना येथील रेल्वे स्थानकावर १९०६ साली प्रवाशांचे सामान वाहण्यासाठी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या वापरात आल्या. १९१७ साली तेथील क्लार्क कंपनीने आपल्या कारखान्यातील माल हलवण्यासाठी इंजिनाची गाडी बनवली. पुढे अशा गाड्यांना उचलणारी पाती बसली आणि त्या जगभर पसरल्या. म्हणजे बॅटरीची गाडी ही आजची कल्पना नाही. पण जेथे दिवसभर जड माल उचलायचा असे, तेथे डिझेलच सोयीचे वाटे. डिझेल पाच मिनिटांत भरता येते, बॅटरीला मात्र तास न् तास लागत.

गाडी चालवणारे चाचा जेवणाच्या सुट्टीत आमच्याजवळ आले. मुलांनी त्यांना सलाम केला. ते वीस वर्षांपासून हे काम करत होते. ते म्हणाले, "सर, मी आधी एका दुसऱ्या गोदामात डिझेलची गाडी चालवत होतो. पावसाळ्यात पाणी आत येऊ नये म्हणून दारे लावून घ्यायचे. मग धूर बाहेर जायलाच जागा नसायची. डोळे चुरचुरायचे. घरी गेल्यावर रुमालाने नाक पुसले तर रुमाल काळा व्हायचा. हमाल तर दिवसभर त्या हवेतच उभे असायचे. ही विजेची गाडी आली आणि धूर गेला."

चाचांची तक्रार खोटी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराची गणना कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली. बंद जागेत हा धूर अधिक घातक ठरतो.

चाचांनी बसण्याची जागा वर उचलून खालची बॅटरी दाखवली. ती शिशाची होती. अशी बॅटरी टनभर, कधी त्याहूनही जड असते. मोटारीत जड बॅटरी ही अडचण असते, पण फोर्कलिफ्टला मागे वजन हवेच असते. त्यामुळे येथे अडचणीचीच सोय झाली. मात्र ही बॅटरी चार्ज व्हायला सुमारे आठ तास लागतात. त्या वेळी हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून जवळ विडी-काडी पेटवायची नाही. वेळोवेळी तिच्यात पाणीही भरावे लागते. नवीन लिथियम-आयन बॅटरी हलकी असते आणि एक-दोन तासांत चार्ज होते. तिच्यावर पायाभूत काम करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ती महाग आहे, आणि ती बसवली की तोल राखण्यासाठी गाडीत वेगळे वजन घालावे लागते.

"या गाडीचा आवाज येत नाही, हा मोठा आराम आहे. पण धोकाही आहे," चाचा म्हणाले. "मागून गाडी आली हे माणसाला कळत नाही. म्हणून वळणावर मी भोंगा वाजवतोच."

एक मुलगी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "सर, वीज तर कोळसा जाळून करतात ना? मग धूर गेला कुठे?"

तिचा प्रश्न ऐकून मला फार आनंद झाला. आम्ही तेथेच वहीवर हिशेब मांडला.

एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. डिझेलचे वजन लिटरला एक किलोही नसते. मग एवढा वायू कसा? डिझेलमधील कार्बनला हवेतील ऑक्सिजन येऊन मिळतो, म्हणून वजन वाढते. समजा, डिझेलची गाडी तासाला ३ लिटर डिझेल पिते. मग आठ तासांत सुमारे ६५ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

आता विजेचा हिशेब पाहू. आपल्या देशात सर्व प्रकारची वीज एकत्र धरली, तर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. समजा, विजेच्या गाडीला त्याच कामासाठी तासाला ७ युनिटे लागतात. मग आठ तासांत सुमारे ३९ किलो होतात. डिझेल इंजिनात इंधनाची बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. विजेच्या मोटारीत फारच थोडी वाया जाते. म्हणून हा फरक पडतो.

"म्हणजे धूर कमी झाला, पण संपला नाही," ती मुलगी म्हणाली. "तो येथून चंद्रपूरला गेला."

तिचे म्हणणे विचार करण्यासारखे होते. महाराष्ट्रातील सर्वांत मोठे सरकारी औष्णिक वीज केंद्र चंद्रपूरला आहे. तेथे कोळशापासून वीज तयार होते. त्या शहरातही तुमच्याच वयाची मुले शाळेत जातात. आपल्या गोदामाची हवा स्वच्छ झाली, याचा आनंद जरूर मानावा. पण दुसऱ्या कोणाची हवा त्यासाठी खराब होत असेल, तर काम अर्धेच झाले. शिवाय कार्बन डायऑक्साइडला जिल्ह्याची सीमा नसते. तो कोठूनही निघाला, तरी साऱ्या पृथ्वीची उष्णता वाढवतो.

मग उरलेले अर्धे काम कसे करायचे? चाचांनी बोट वर दाखवले. गोदामाचे छप्पर मोठे होते आणि त्यावर दिवसभर ऊन पडत होते. छपरावर सौर पट्टे बसवले, तर तेथेच वीज तयार होईल. पण येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. शिशाची बॅटरी बहुधा रात्री चार्ज करतात, आणि रात्री ऊन नसते! लवकर चार्ज होणारी बॅटरी असेल, तर दुपारी जेवणाच्या सुट्टीतही तिला उन्हाची वीज देता येईल. म्हणजे चांगली गाडी घेणे पुरेसे नाही. ती केव्हा आणि कोणत्या विजेवर चार्ज करायची, हेही ठरवावे लागते.

आणखी एक काळजी घ्यायला हवी. शिसे हा विषारी धातू आहे. जुन्या बॅटऱ्या वस्तीजवळ फोडून उघड्यावर वितळवल्या, तर शिशाची धूळ लहान मुलांच्या शरीरात जाते आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. म्हणून जुनी बॅटरी परवानाधारक कारखान्यातच गेली पाहिजे.

निघताना मुलांनी चाचांना विचारले, "पुन्हा डिझेलची गाडी चालवाल का?"

चाचा हसले. "नाही. पण या मुलीने मला नवा प्रश्न दिला आहे. तो मी आमच्या शेठना विचारणार आहे."

मुलांनो, नवे यंत्र पाहिले की त्याचे कौतुक करा. त्याबरोबर हेही विचारा, की त्याची शक्ती कोठून येते आणि ते जुने झाल्यावर कोठे जाते.

शब्दार्थ
क्षेत्रभेट – प्रत्यक्ष जागी जाऊन माहिती घेणे
जकात – शहरात येणाऱ्या मालावरील कर (उर्दूत 'ज़कात' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे.)
कलंडणे – तोल जाऊन एका बाजूला पडणे
टेकू – आधार
अलगद – हळूच, धक्का न लावता
औष्णिक – उष्णतेपासून मिळणारे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लॉजिस्टिक्स कशाला म्हणतात?
(आ) फोर्कलिफ्टमध्ये टेकूचे काम कोण करते?
(इ) पावसाळ्यात गोदामातील धूर बाहेर का जात नसे?
२. कारणे लिहा.
(अ) जड बॅटरी फोर्कलिफ्टला उपयोगी पडते.
(आ) चाचा वळणावर भोंगा वाजवतात.
३. 'धूर चंद्रपूरला गेला' असे मुलगी का म्हणाली? पाच-सहा ओळींत लिहा.
४. हमाल, वजन, मैदान, हवा हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा आणि मराठी वाक्यांत वापरा.
५. आपल्या घरचे विजेचे बिल पाहा. गेल्या महिन्यात किती युनिटे वापरली? त्यामुळे सुमारे किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, याचा हिशेब करा.