फळा कोणाच्या हाती?

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधील एक प्रसंग बाबासाहेबांच्या चरित्रात आपण वाचला आहे. गणित सोडविण्यासाठी शिक्षकांनी विद्यार्थी भीमरावांना फळ्याजवळ बोलावले आणि वर्गात एकच गलका उडाला. फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील, या भयाने सवर्ण मुले ते उचलण्यास धावली. आज कोणी डबे हलवीत नाही. परंतु खडू बहुतेक वर्गांत शिक्षकाच्याच हाती राहतो आणि मुले केवळ उतरवून घेतात.

मी इतिहासाचा शिक्षक. गणिताचे सर रजेवर असल्याने एका सायंकाळी नववीचा अभ्यासवर्ग माझ्याकडे आला. मी देवळालीचे शालेय शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली शोधलेला नियम सांगितला. चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. आम्ही धम्मदीक्षेचे वर्ष घेतले :

९६५१ − १५६९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

६१७४ वर तीच क्रिया केली तरी ६१७४ च येते. बाबासाहेबांचे जन्मवर्ष १८९१ पाचव्या पायरीला तेथेच पोचले. "सर, असे का होते?" मी प्रामाणिकपणे सांगितले, "मला ठाऊक नाही. तुम्ही शोधा." आणि खडू त्यांच्या हाती दिला.

मुलांनी सहा गट केले. एका गटाने घोषित केले, "नियम मोडला! १११२ चे उत्तर शून्य येते." मी गप्प राहिलो. शेजारच्या गटाने चूक दाखविली : २१११ − १११२ = ०९९९; पुढचे शून्य गाळले होते. ते राखताच ८९९१, ८०८२, ८५३२ आणि अखेर ६१७४.

मग एका मुलीने अंकांच्या जागी अक्षरे मांडली. वजाबाकी दोनच फरकांवर ठरते, हे तिच्या ध्यानी आले : सर्वांत मोठ्या व लहान अंकांतील फरकाची ९९९ पट, अधिक मधल्या दोहोंतील फरकाची ९० पट. पहिला फरक १ ते ९. दुसरा त्याहून मोठा होऊ शकत नाही. म्हणजे हजारो संख्यांऐवजी तपासायच्या जोड्या केवळ ५४! प्रत्येक गटाने नऊ वाटून घेतल्या. एकट्याला कंटाळा आला असता ते काम सर्वांनी मिळून पुरे केले : जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या ६१७४ ला येते. ते आता कापरेकरांच्या शब्दावर मानण्याचे कारण उरले नव्हते.

कालाम सुत्तात तथागतांनी हीच दृष्टी दिली आहे : परंपरा सांगते म्हणून वा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका. ही दृष्टी वंदनेपुरती उरू नये. ती गणिताच्या तासालाही यावी. त्यासाठी शिक्षकाने थोडे गप्प राहावे, चूक लगेच पुसू नये आणि मागच्या बाकावरील मुलाला फळ्यापर्यंत येऊ द्यावे.

पालकहो, पुढच्या भेटीच्या दिवशी आपले जन्मवर्ष पाल्याला द्या. ६१७४ आल्यावर थांबू नका, "का?" असे विचारा. उत्तर मुलांनाच देऊ द्या.