कॅनरी म्हणजे पोपट नव्हे

कॅनरी घ्यायचाय म्हणून कोणी सल्ला विचारायला आलं की मी आधी उलट विचारते, गाणं ऐकायचंय की पक्षी खांद्यावर बसवायचाय? खांद्यावर हवा असेल तर बजरीगर घ्या, सुखी व्हाल. कॅनरीही माणसाळतो, पण त्याच्या पद्धतीने. आपण खोलीत वावरत असताना त्याचं गाणं थांबलं नाही, म्हणजे तो आपला झाला असं समजायचं.

गाणं हवं तर नर हवा, आणि फसवणूक होते ती इथेच. माझा पहिला 'नर' विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून दिला होता. "घरात रुळला की गाईल बघा ताई." रुळला, आणि अंडं घातलं! रंगावरून नर-मादी कळत नाहीत, पिवळाधमक असला तरी. म्हणून सकाळच्या वेळी जा, दुकानात निवांत बसा आणि आपल्या कानांनी ऐकूनच पैसे द्या. नर गातो तेव्हा गळा फुगतो, गळ्याची पिसं थरथरतात, आणि ताना लांबत जातात. मादी चिवचिवते, फार तर तोडकंमोडकं काही म्हणते. "सध्या पिसं गाळतोय म्हणून गप्प आहे" असं उत्तर मिळालं तर ते खरंही असू शकतं, कारण पिसं गळायच्या दिवसांत नर गात नाहीत. अशा वेळी "गायला लागला की येते" म्हणून निघावं. बाजारात रंग फासलेल्या मुनियाही असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. मुनिया आपला रानपक्षी, १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो पाळता येत नाही. कॅनरीचं तसं नाही. मूळचा कॅनरी बेटांचा, अझोर्स-मदेराचा हा पक्षी युरोपात शतकानुशतकं पिंजऱ्यातच वाढत आलाय. म्हणूनच कंटाळा आला म्हणून त्याला खिडकीतून 'मुक्त' करणं हे पुण्य नव्हे. बाहेर कावळे आहेत आणि त्याला दाणा शोधायची सवय नाही.

आता माणसाळवणं. पाहुण्यांची मुलं आली की पहिल्यांदा काय करतात? पिंजऱ्याचं दार उघडून हात आत घालतात. जेमतेम वीस ग्रॅमच्या जिवाला वरून येणारा हात म्हणजे ससाणाच. तो तारांवर धडका घेतो, शेपटीची पिसं उपटून येतात आणि पुढे कित्येक दिवस माणूस दिसला की कोपरा धरतो. हात आत घालायचाच नाही. पिंजरा आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लावून ठेवा, म्हणजे पाठीमागची काळजी त्याला राहत नाही. शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचा. दाणापाणी रोज त्याच माणसाने, त्याच वेळी बदलावं, हलक्या आवाजात काहीबाही बोलत. मग कोथिंबिरीची काडी किंवा काकडीचा काप बाहेरूनच तारांमध्ये धरून ठेवायचा आणि त्याच्याकडे बघायचं नाही. हे 'बघायचं नाही' सगळ्यांना जड जातं. तो दांडीवरून एक उडी जवळ येतो, मान तिरकी करून एका डोळ्याने बोटं न्याहाळतो, परत मागे जातो. एके दिवशी पान ओढतो. बोटावर बसणं त्यानंतरचं, आणि पुष्कळ कॅनरी ते कधीच करत नाहीत. न का करेनात. औषधपाण्यासाठी धरायची वेळ आलीच तर खोलीत अंधार करून धरा, आणि छाती दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीच हलू दिली नाही तर श्वास थांबतो.

एकटा आहे बिचारा, म्हणून दुसरा नर आणायची दया दाखवू नका, मारामाऱ्या होतात. मादी आणली तर बहुतेक वेळा गाणं कमी होतं. एकटा नर मजेत राहतो, असा माझा अनुभव.

पिंजरा स्वयंपाकघरात नको म्हणजे नकोच. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतो. आपल्याला मात्र वासही जाणवत नाही. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत १९८६पर्यंत कॅनरी नेत ते उगीच नाही. विषारी वायू माणसाच्या आधी त्याला बाधतो. तोच न्याय मच्छरांच्या कॉइलला आणि अगरबत्तीला लावा. पण मच्छर हवेत असंही नाही, कॅनरीला देवीसारखा रोग मच्छरांच्या चावण्यातून होतो. त्यामुळे कॉइल नको, संध्याकाळी पिंजऱ्यावर चक्क मच्छरदाणी घाला. रात्री टीव्ही-ट्यूबलाइटच्या उजेडात त्याला जागवू नका, त्याने पिसं गाळण्याचं वेळापत्रक बिघडतं.

दिवसाढवळ्या पिसं फुलवून गप्प बसलेला, श्वासागणिक शेपटी हलणारा, श्वास घेताना 'टिक टिक' आवाज करणारा पक्षी आजारी असतो. शेवटचं लक्षण श्वासमार्गातल्या किड्यांचं असू शकतं. आधी पिंजऱ्याच्या एका बाजूला बल्ब लावून ऊब द्या आणि लगेच पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे न्या. कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत, तेव्हा असा डॉक्टर पक्षी घ्यायच्या आधीच शोधून ठेवावा.

गावाला जाताना एक गोष्ट मात्र दाखवूनच जा, सांगून नव्हे. आमच्या शेजारच्या काकू मायेच्या, दोन वेळा येऊन वाटी बघायच्या. वाटी काठोकाठ भरलेली. आम्ही परतलो तर पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी निपचित पडला होता. वाटीवर फुंकर मारली तसा फोलपटांचा थर उडाला आणि खाली चार दाणे उरले. कॅनरी दाणा सोलून खातो आणि साल वाटीतच टाकतो, त्यामुळे रिकामी वाटी भरलेली दिसते. काकूंनी काय ओळखावं? पक्षी रात्रीच गेला. आता पिंजरा सांभाळायला देताना मी वाटी हातात देते, फुंकर मारायला लावते, आणि उरलेल्या दाण्यांवर ताजे दाणे न घालता वाटी रिकामी करून पुन्हा भरायला सांगते.